आठ हजार कोटी, पण बसले किती?

बातम्यांमधला आकडा नेहमी एकटाच येतो. मे २०२४ मध्ये इंडिगोचे वार्षिक निकाल लागले तेव्हा असाच एक आला. खाली लाल पट्टीवर ‘८,१७२ कोटींचा नफा’, मागे स्टुडिओतल्या स्टुडिओत घिरट्या घालणारं विमान, आणि निवेदकाचा आवाज असा, की पैसे जणू त्याच्याच खात्यात जमा झालेत. चोपड्याला उन्हापायी अंगणात पाय ठेवायची सोय नव्हती. कूलरसमोर आडवे झालेले आमचे मामा म्हणाले, “नफा ठीक शे भो, पन इमानमा बठेल कितला व्हतात?”

हा प्रश्न चॅनेलवर कुणी विचारत नाही. खरं तर उत्तर शोधायला फार वेळ लागत नाही. त्या वर्षात इंडिगोने साडेदहा कोटींहून जास्त प्रवासी नेले. भागाकार केला की माणशी साडेसातशे-पावणेआठशे रुपये उरतात. एकूण उत्पन्न ७१ हजार कोटींच्या वर, म्हणजे रुपयामागे साडेअकरा पैसे. विमानाच्या धंद्यात हे फारच चांगलं. ‘आयाटा’ या विमानकंपन्यांच्या जागतिक संघटनेने २०२५ सालासाठी जगभरच्या कंपन्यांच्या नफ्याचा जो अंदाज त्याच वर्षी जूनमध्ये मांडला, तो प्रवाशामागे ७.२० डॉलर होता. आपले सहाशेच्या वर काही रुपये. त्यात जरा मागे गेलं तर चित्र आणखी पालटतं. याच इंडिगोला आदल्या वर्षी तीनशे कोटींचा तोटा होता, आणि २०२०-२१ व २०२१-२२ ही दोन वर्षं मिळून जवळपास बारा हजार कोटींचा. तोट्यातून नफ्यात आलं की वाढीची टक्केवारी नीट काढता येत नाही, म्हणून त्या दिवशी पट्टीवर टक्के नव्हते. नाहीतर तेही लावले असते.

मामांचा हा संशयी स्वभाव केळीने घडवलाय. बाजार समिती भाव जाहीर करते, तो मोबाइलवर येतो, पेपरात छापून येतो. मग व्यापारी बांधावर येतो, घड हलवून बघतो, माल बारीक आहे, पुढे उठाव नाही म्हणतो आणि त्याहून कमी देतो. जाहीर भाव आणि हातात पडलेला भाव यांतलं अंतर ज्याने आयुष्यभर मोजलं, तो लाल पट्टीला घाबरत नाही.

विमानातली सीट मामांना मी कापलेल्या घडाच्या हिशेबातच समजावली. घड कापला की थांबता येत नाही. विमान उडालं की रिकामी सीट दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. आत शंभर बसोत की एकशे ऐंशी, वैमानिकाचा पगार तोच, विमानतळाचं भाडं तेच, इंधन जवळपास तेवढंच. म्हणून आधी तिकीट घेणाऱ्याला स्वस्तात देतात आणि आयत्या वेळी धावत येणाऱ्याकडून वसूल करतात. दिवाळीत ‘विमानभाडी तिप्पट’ अशी बातमी येते, तेव्हा कशाच्या तिप्पट ते विचारावं. बहुतेकदा दोन महिने आधीचं सगळ्यात स्वस्त तिकीट एका बाजूला आणि आदल्या रात्रीचं शेवटचं तिकीट दुसऱ्या बाजूला ठेवलेलं असतं. या दोन टोकांच्या मध्ये ज्यांनी प्रवास केला, ती बहुसंख्य माणसं बातमीत नसतातच.

खर्चाची बातमी तर होतच नाही. भारतात इंधनच खर्चाच्या तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जातं. ते जीएसटीत नाही, त्यावर राज्याराज्याचा वेगळा व्हॅट. विमानं बरीचशी भाड्याची आणि भाडं डॉलरमध्ये. रुपया घसरला की बसल्याजागी खर्च वाढला. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये. थांबायच्या थोडं आधीपर्यंत तिघींचीही विमानं लोकांनी भरलेली असायची.

आमच्या जळगावचं विमानतळही असंच चालू-बंद होत आलंय. लहान शहरांना विमानाने जोडायच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं, फोटो झाले, पुढे ते बंद पडलं. २०२४ मध्ये सत्तरेक सीटांच्या एटीआर या पंख्याच्या छोट्या विमानावर गोवा, हैदराबाद सुरू झालं. ‘उडान’मध्ये साधारण निम्म्या सीटांचं भाडं बांधलेलं असतं, कमी पडतं ते सरकारी मदतीतून भरून काढतात, आणि त्या मदतीतला काही पैसा मोठ्या शहरांमधल्या विमानफेऱ्यांवरच्या आकारातून येतो. म्हणजे मुंबई-दिल्लीला जाणाऱ्याने आपल्याला न सांगता थोडी मदत केलेली असते. भुसावळहून रात्रीच्या गाडीत बसून सकाळी मुंबईत उतरायची सवय असलेल्या मुलखात ही मदत लागणारच.

हे सगळं ऐकल्यावर मामांना गोव्याला जायची इच्छा झाली. तिकीट काढू का विचारलं, तर नको म्हणाले. गेला आठवडाभर सकाळी केळीचा भाव विचारून झाला की लगेच विचारतात, “आन् गोवानं आज काय चालू शे?” काल दोनशेने उतरलं होतं. म्हणाले, थांब, अजून पडेल.