माणदेशातली डोंगरवाट, नोंद ७ : तिरपे दगड, उभ्या काट्या

वळवाचे दोन आणि मृगाचा एक, असे तीन पाऊस झेलून वाट जाग्यावर आहे. सहा नोंदींत नुसत्या अडचणीच लिहिल्या, आज काम टिकल्याचं लिहितोय.

नव्यानं आलेल्यांसाठी : आम्ही अकरा जण दर रविवारी सकाळी सहा ते दहा श्रमदान करतो. जागा माण तालुक्यात, शंभू महादेवाच्या डोंगररांगेच्या एका फाट्यावर. आमच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि इथं जेमतेम पाचशे. पण पडतो तेव्हा झोडपून पडतो. गवत नसलेला मुरूम तासाभरात ओढ्यात जातो, आणि पाण्याला खाली पळायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे पायवाट.

मार्चमध्ये आमचं चुकलं होतं. दगड वाटेला काटकोनात, बांध घातल्यासारखे बसवले. पहिल्याच वळवात त्यांच्यामागं गाळ भरला, पाणी कडेनं फुटलं आणि वाटेशेजारी गुडघाभर ओघळ पडला. पाणी अडवायची सवय आम्हाला चरांच्या कामातून लागलेली. वाटेवर ते अडवायचं नसतं, वाटेबाहेर काढून द्यायचं असतं. सगळे दगड उपटून पुन्हा लावले, या वेळी तिरपे. उंचीचा दोन तृतीयांश भाग जमिनीत, खालच्या अंगाचं टोक वाटेच्या बाहेर हातभर गेलेलं, आणि पाणी पडतं तिथं खडीचा थर. दगडावर दोघांनी उभं राहून उड्या मारायच्या. हलला तर पुन्हा खणायचं. उभ्या चढाला सात-आठ पावलांवर एक, सपाटीला वीस पावलांवर एक पुरतो. बाहेर काढलेलं पाणी खालच्या समतल चरात, म्हणजे उताराला आडव्या, एका पातळीत खणलेल्या चरात सोडलंय, म्हणजे ते मुरतं.

दुसरं काम मोटारसायकलींनी पाडलेल्या चोरवाटांचं. अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटात अशा वाटा बुजवताना वाळक्या फांद्या जमिनीत उभ्या पुरतात, हे वाचल्यापासून डोक्यात होतं. तसंच केलं. चाकांनी दाबून टणक झालेली जमीन आधी टिकावानं उताराला आडवी उकरली, मग बोरीच्या आणि वेड्या बाभळीच्या काट्या वीतभर खोल रोवल्या. लांबून तिथं वाट आहे हे कळतच नाही, म्हणून गाडी वळत नाही. वाऱ्यानं येणारी माती आणि बी काट्यांच्या बुडाशी अडकतं, थोडी सावलीही मिळते. एक जपा : वेड्या बाभळीची शेंग असलेली फांदी वापरू नका. मेंढ्या शेंगा खातात आणि लेंड्यांतून ती माळभर उगवते.

रोपं का लावत नाही, असं बरेच जण विचारतात. गेल्या वर्षी लावली होती, टँकरनं पाणी घालून. मला आता ते पटत नाही. वीतभर मुरमाखाली खडक असलेला हा माळ मुळात गवताचा आहे. पवन्या, मारवेल, डोंगरी ही गवतं माती धरतात आणि खाली मेंढरांना चाराही होतो. फक्त त्यांना बी धरेपर्यंत उसंत पाहिजे. त्यासाठी वाड्यावरच्या मेंढपाळ आबांकडे गेलो. ते म्हणाले, “दिवाळीपतुर वरल्या अंगाला मेंढरं न्हाई आणत. पर पाण्याकडं जायाची वाट तेवढी बुजवू नका, पोरांनो.” ती वाट मोकळी ठेवलीय, तिलाही चार तिरपे दगड घातलेत.

काल काट्यांच्या मधून बोटभर पवन्या वर आलेला दिसला. पाच-सहा ठिकाणी, विरळ. गुडघ्यावर बसून बघत होतो, तेवढ्यात माळटिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली. चार पावलांवर खड्यांत खड्यांसारखीच चार अंडी होती. म्हणून पुढचे चार रविवार काम पलीकडच्या सोंडेवर. येताना पहारी आणा, घमेली आहेत.