रुमाल टाकलेली सीट

मे महिन्यात नागपुरात डोकं दुखलं की निदानाला डॉक्टर लागत नाही. ज्याला विचाराल तो एकच शब्द सांगतो: ऊन. मीही डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि खिशात कांदा टाकून हिंडणारा माणूस, त्यामुळे त्या सोमवारी दुपारी दोन्ही कानशिलं ठणकायला लागली तेव्हा मलाही दुसरं काही सुचलं नाही.

आईनं पन्हं दिलं. रात्री काशाच्या वाटीनं तळपाय घासून दिले. "उन्हात हिंडून राहिला दिवसभर, मग दुखणार नाही तर काय बाप्पा?" आता दिवसभर मी एसीत बसलेलो होतो, पण आईशी वाद घालण्याइतकं डोकं शिल्लक नव्हतं. मंगळवारी तर जांभयांवर जांभया, आणि फोन वाजला तरी वाजवणाऱ्याचा राग. शेवटी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी आणली. पाऊण तासात डोकं असं उतरलं, की मी चक्क कूलरमध्ये पाणी भरायला उठलो.

पाणी भरता भरता गोळीची पट्टी वाचली. पॅरासिटामॉल, आणखी एक लांबलचक नाव, आणि शेवटी बारीक अक्षरात: कॅफीन ५० मिलिग्रॅम.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. ॲसिडिटीसाठी डॉक्टरांनी "चहा जरा कमी करा" म्हटलं होतं. कमी करणं मला कशातच जमत नाही, म्हणून मी बंदच केला होता. शेवटचा कप रविवारी संध्याकाळी सहाला. म्हणजे दोन दिवस मी चहाशिवाय तडफडलो आणि तिसऱ्याच नावानं, दूध-साखर न घालता, कपभर चहा गिळून बरा झालो. कारण आपल्या चहाच्या एका कपात कॅफीन साधारण ३० ते ५० मिलिग्रॅमच असतं.

आईला हे पटेना. तिच्या मते कॅफीन कॉफीत असतं, चहात नाही. तिची चूक नाही; हा गोंधळ शास्त्रज्ञांनीही घातलेला आहे. १८१९ मध्ये रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळं काढलं. १८२७ मध्ये चहातून तसाच पदार्थ निघाला, तेव्हा त्याला 'थेईन' असं वेगळं नाव दिलं गेलं. दोन्ही एकच आहेत हे कळायला १८३८ उजाडलं.

डोकं का दुखतं ते मला गणेशपेठच्या बसस्टँडवरून समजलं. सुट्ट्यांत अमरावतीची बस लागली की खिडकीतून सीटवर रुमाल पडतो. बसणारा अजून खालीच असतो, पण सीट गेली. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. मेंदूत त्याच्यासाठी ठरलेल्या जागा, म्हणजे सीटा असतात; तो तिथे बसला की आपल्याला पेंग येते. कॅफीन म्हणजे त्या सीटवरचा रुमाल. ते स्वतः ताकद वगैरे काही देत नाही, फक्त थकव्याला बसू देत नाही. थकवा बिचारा दांड्याला धरून उभा.

पण महामंडळ रोजची गर्दी बघून जादा गाड्या सोडतं, तसं शरीरही रोज रुमाल पडतात म्हटल्यावर सीटाच वाढवतं. मग एक दिवस रुमाल आलाच नाही, तर सगळ्या सीटा एकदम भरतात. डोक्यातल्या रक्तवाहिन्या, ज्या कॅफीननं आवळून धरल्या होत्या, त्या फुगतात. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत ठणका सुरू. माझे दिवसाचे सहा कप धरले तरी अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास. निरोगी मोठ्या माणसाला ४०० पर्यंत चालतं म्हणतात. ही सवय लागायला तर रोजचे शंभरही पुरतात.

आणि मी वर्षानुवर्षं कूलरच्या घरघरीला शिव्या घातल्या. संध्याकाळी सातला प्यायलेल्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री बाराला अंगात असतं, घरघर ऐकायला जागं कोण ठेवतं ते तिथे कळतं. आमच्या टपरीवरचा एक मित्र रात्री दहाला फुल्ल चहा मारून घोरतो, पण तो सिगारेटवाला. सिगारेट ओढणाऱ्यांचं यकृत कॅफीन भराभर निकाली काढतं. हा फायदा मात्र त्याला सांगायची सोय नाही.

भाद्रपदात हरतालिका आली. आई हा उपास निर्जळी करते, आणि जसं आठवतं तसं दर हरतालिकेला दुपारी तिचं डोकं चढतं. उपासाचं पित्त, असं घरात ठरलेलं. यंदा मी आठवडाभर आधी तिच्यामागे लागलो, रोज थोडा थोडा चहा कमी कर, म्हणजे त्या दिवशी त्रास होणार नाही. "हाव, बघते," म्हणाली, आणि कप तोच ठेवला.

त्या दिवशी दीडच्या सुमारास कपाळाला पदर घट्ट बांधून ती स्वयंपाकघरातून ओरडली, "तुझ्यासाठी चहा टाकू का रे?" मला नको होता. हो म्हटलं. जाऊन पाहिलं तर उकळी केव्हाच आली होती, गॅस बारीक केलेला, आणि ती पातेल्यावर वाकून डोळे मिटून उभी.