हिरव्या नकाशातले कोरडे शिवार

मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीतील रब्बी ज्वारी मुख्यतः जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर पिकते. त्यामुळे सोलापूर जिल्ह्यातील दुष्काळ केवळ पर्जन्यमापकाच्या नोंदींवरून ओळखता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी उपग्रहातून पिकाची हिरवाईही मोजावी लागते. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि निकटचे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या दोन परावर्तनांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागले की एनडीव्हीआय हा वनस्पती निर्देशांक मिळतो. त्याची तुलना त्याच ठिकाणच्या मागील वर्षांतील किमान व कमाल मूल्यांशी करून व्हीसीआय हा वनस्पतींच्या स्थितीचा निर्देशांक काढतात, आणि केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनुसार तो ४० टक्क्यांखाली गेल्यास पीकस्थिती वाईट मानली जाते.

खरी अडचण सरासरीची आहे. उजनीच्या कालव्यावरचा ऊस भर उन्हातही हिरवागार असतो, त्यामुळे तालुक्याचा आकडा उंचावतो आणि शेजारचे मुरमाड, कोरडवाहू शिवार त्याआड दडून जाते. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातील एक चौकोन १० मीटरचा असल्याने बागायत आणि जिरायत वेगळी काढणे आज सहज शक्य आहे, आणि सरासरी त्यानंतरच काढली पाहिजे.

शेतात उभे राहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसते. ताण पडलेल्या ज्वारीची पाने दुपारी सुरळीसारखी वळतात, पण त्यांचा रंग अजून हिरवाच असतो. अशा वेळी पानांतील पाण्याचा अंदाज देणारा एनडीडब्ल्यूआय सोबत पाहावा लागतो.