कमरेतली सुई आणि तिच्या नावावर खपणारी दुखणी

माझी कंबर दुखते म्हटलं की समोरून प्रश्न येतच नाही, डायरेक्ट निकाल येतो. "अगो मागच्या खेपेला पाठीत सुई घेतली होतीस ना, मग दुखणारच." सासूबाई म्हणतात, शेजारची वहिनी म्हणते, फोंड्याच्या मार्केटात जिच्याकडे मी तांबडी भाजी घेते ती बाय पण म्हणते. थोरलीच्या वेळी मी एपिड्युरल, म्हणजे बाळंतपणाच्या कळा कमी व्हाव्यात म्हणून पाठीतून देतात ती भूल, घेतलं होतं हे बहुतेक अख्ख्या वाड्याला माहीत आहे.

आता दुसऱ्या वेळचा सातवा महिना चालू आहे आणि उजव्या कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून गुडघ्यापर्यंत जाते. ते एक. आणि दुसरं म्हणजे त्याच मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग असा झालाय की कधी मुंग्या, कधी जळजळ, आणि हात लावला तर स्वतःचं कातडं वाटतच नाही. मग सुईवर संशय जाणारच की. पहिल्यांदा जिथे दाखवलं तिथे "प्रेग्नन्सीत होतंच असं" एवढं ऐकून बाहेर आले, त्यामुळे संशय आणखीनच वाढला.

मग एका मैत्रिणीने सांगितलं म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने काय केलं, तर बोट ठेवून दाखव म्हणाली, नेमकं कुठे. माझं बोट गेलं कमरेच्या खाली, उजव्या बाजूला खळी पडते तिथे. मधोमध मणक्यावर नाहीच. आणि एपिड्युरलची सुई देतात ती मधोमध, दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा जोडल्या की जी रेघ येते तिच्या आसपास, साधारण कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीत. मज्जारज्जू त्याच्या वरच, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपलेला असतो. शिवाय ती सुई आतल्या नसांभोवतीच्या आवरणाच्या बाहेरच थांबवतात, तिच्यातून एक बारीक मऊ नळी सरकवतात आणि सुई लगेच काढून घेतात. आमच्या वहिनीला अजून वाटतं की माझ्या पाठीत रात्रभर सुई होती. तिचं स्वतःचं सिझर झालं तेव्हा दिलेलं इंजेक्शन स्पायनल होतं, ते वेगळं, त्याची सुई खूप बारीक असते आणि ती आवरणातून आत, नसांभोवतीच्या पाण्यापर्यंत जाते. पण घरात बोलताना दोन्हीला एकच नाव, "कमरेतलं इंजेक्शन".

तर माझ्या कळेचं मूळ निघालं एसआय जॉइंट, म्हणजे पाठीच्या खालचं त्रिकोणी हाड आणि कमरेचं हाड जुळतं तो सांधा. गरोदरपणात हार्मोन्समुळे तिथले हाडं जोडणारे लिगामेंट सैल पडतात, पोटाचं वजन पुढे येतं, कंबर आत वळते, आणि सगळा ताण तिथे जातो. साधारण पाचातल्या एकीला हा त्रास होतो म्हणे. मणक्याची गादी सरकून पायाची नस दबते ती खरी सायटिका गरोदरपणात त्यामानाने फारच कमी, शंभरात एखादीला. ओळखायची खूण सोपी आहे, एका पायावर भार आला की दुखतं. सलवार घालताना, बसच्या पायरीवरून उतरताना, रात्री कूस बदलताना. फोंडा-पणजी बसमधून रोज ऑफिसला जाते, बसून कंबर आखडते ते वेगळं, पण उतरताना उजवा पाय आधी टेकला की डोळ्यांसमोर काजवे.

आणि मांडीचं बधिरपण हे वेगळंच प्रकरण. जांघेतल्या पट्ट्याखालून एक नस मांडीच्या बाहेरच्या कातडीकडे जाते, ती फक्त स्पर्श कळवते, ताकदीशी तिचा संबंध नाही. पोट वाढलं की ती दबते, घट्ट इलॅस्टिकने आणखी दबते. नाव मेराल्जिया पॅरेस्थेटिका, पणजीच्या फोंतेन्हास या पोर्तुगीज वळणाच्या वाड्यातल्या एखाद्या जुन्या घराच्या पाटीवर शोभेल असं. बहुतेकींचं बाळंतपणानंतर हळूहळू आपोआप जातं. मी लेगिंग्ज सोडून ढगळ गाऊन आणि नाडीची सलवार चालू केली, जळजळ बरीच उतरली, बधिरपण आहे अजून.

सुईवरचा हा संशय अगदी हवेतून नाही आला हेही सांगायला हवं. १९९० मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या अकरा हजारांवर बायकांना बाळंतपणानंतर काही वर्षांनी प्रश्नावली पाठवली होती, त्यात एपिड्युरल घेतलेल्यांमध्ये पाठदुखी जास्त निघाली. पण ते सगळं आठवणीवर. पुढे काही अभ्यासांत बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकीला एपिड्युरल, दुसरीला दुसरं वेदनाशामक, आणि मग नंतर तपासत राहिले. २००२ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या तशा अभ्यासात ३६९ बायका होत्या, दोन्ही गटांत पाठदुखीत म्हणण्यासारखा फरक नाही. सुईला अगदीच सोडून द्यायचं नाही, टोचल्या जागी काही दिवस ठणकतं, चुकून आवरणाला भोक पडलं तर उठून बसलं की भयंकर डोकं दुखतं, आणि नसेला इजाही होऊ शकते पण ती फार क्वचित. उलट बाळाचं डोकं खाली सरकताना किंवा पाय खूप वेळ दुमडून ठेवल्यामुळे नस दबणं हे सुईपेक्षा जास्त वेळा होतं. त्यावर मात्र कोणी बोलत नाही.

मला राग येतो तो याचा की सुईला दोष दिला की विषयच संपतो. आता काय करणार, घेतलीस ना, सोस. तेल लाव, शेक घे. फिजिओचं नाव कोणी काढत नाही. मला खरा फरक पडला तो साध्याच गोष्टींनी, गुडघ्यांच्या मधे उशी घेऊन डाव्या कुशीवर झोपणं, कूस बदलताना गुडघे चिकटवून ठेवणं, कमरेच्या हाडांवर खाली बांधायचा बेल्ट, आणि फिजिओने शिकवलेले व्यायाम. चवथीला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला सगळ्या जमिनीवर मांडी घालून बसल्या, मी टेबल-खुर्चीवर बसून लाटल्या, एक मावशी तोंड वाकडं करून बघत होती, बघू दे.

गोळ्यांचं एक सांगते, घरात पडलेली कॉम्बिफ्लाम किंवा डायक्लोफेनॅक उचलून घेऊ नका, विसाव्या आठवड्यानंतर तर नाहीच, बाळाच्या किडनीवर परिणाम होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालते, तीही डॉक्टरना विचारून. आणि जर लघवी अडली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, दोन पायांच्या मधली बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर उद्या बघू म्हणायचं नाही, १०८ ला फोन करा आणि थेट गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

यावेळी परत एपिड्युरल घेणार का, तर बहुतेक हो. भूलतज्ज्ञांना आधीच भेटून आले. मागच्या वेळी किती वेळा टोचावं लागलं, नंतर डोकं दुखलं का, पायात ताकद कधी आली, सगळं विचारलं त्यांनी, आणि माझ्या जुन्या डिस्चार्ज कार्डवर फक्त "एपिड्युरल दिले" एवढंच लिहिलेलं, बाकी सगळं मला आठवून सांगावं लागलं. मग त्यांनी मांडीचा बधिर भाग तपासून फाइलमध्ये आकृती काढून आजची तारीख टाकली. म्हणाले हे आधीचं आहे हे कागदावर असलेलं बरं, नंतर गोंधळ नको. तुम्हालाही आत्ता मुंग्या-बधिरपण काही असेल तर बाळंतपणाच्या आधीच असं लिहून घ्या, आणि यावेळचं भूल दिल्याचं पान झेरॉक्स मागून घ्या, मी तर मागणारच आहे.