पीआयसीयूची बाहुली: छाती जमली, पल्स शांत झाली

तान्ह्या बाळाच्या सीपीआरचा (थांबलेल्या हृदयासाठी छाती दाबणं आणि श्वास देणं) सराव करायला मी एक बाहुली बनवतोय. मागच्या नोंदीनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, तिचा चेहरा कधी दाखवणार? नाही दाखवणार. बाजारातली साधी प्लास्टिकची बाहुली आहे, टकली, एक डोळा मिटत नाही, आणि ती तशीच राहणार. वहिनी पीआयसीयूत, म्हणजे लहान मुलांच्या आयसीयूत, सिस्टर आहेत, नव्याने रुजू झालेल्या मुलींना तयार करायचं काम त्यांच्याकडे आहे. त्यांचं पहिल्यापासून एकच म्हणणं: "भाऊजी, कोड ब्लू झाला की तोंड मास्कखाली जातं. हात छातीवर आणि कान मॉनिटरकडे. तेवढं खरं करून द्या." कोड ब्लू म्हणजे पेशंटचं हृदय किंवा श्वास थांबल्याचा इशारा. त्यामुळे सगळा वेळ आणि पैसा हात आणि कान जिथे जातात तिथेच घालतोय.

आधी छाती. तान्ह्या बाळाची छाती तिच्या जाडीच्या निदान एक तृतीयांश दाबायची, म्हणजे साधारण ४ सेंमी, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची. लेझरचा अंतर मोजणारा व्हीएल५३एल०एक्स लावून पाहिला, पण इतक्या जवळून त्याचं रीडिंग थरथरतं आणि ४ सेंमीत तेवढा खेळ परवडत नाही. शेवटी ६० मिमीचा स्लाइड पोटेन्शिओमीटर (दांडी सरकली की रीडिंग बदलतं तो) आणि वर स्प्रिंग. हे रीडिंग घेते ती ईएसपी३२, वायफाय असलेली छोटी चिप. ती वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा: वायफाय चालू असताना एडीसी२ च्या (व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिना रीडिंग देत नाहीत, म्हणून ३२ ते ३९ मधलीच पिन घ्या. शिवाय या चिपचं एडीसी दोन्ही टोकांना वाकडं चालतं, तेव्हा स्लाइडचा मधलाच भाग वापरलाय. स्प्रिंग निवडायला मात्र वहिनींचा अंगठाच लागला. पाच-सहा स्प्रिंगा दाबून त्यांनी एक बाजूला काढली, "ही." कितीची आहे ते मी नंतर मोजलं.

पल्सने जास्त दमवलं. वर्षाच्या आतल्या बाळाची नाडी मानेला नव्हे, दंडाच्या आतल्या बाजूला बघतात. दंडात ठोका द्यायला एसजी९० सर्व्हो (छोटी गिअरची मोटर) बसवला होता. चालायचा मस्त, पण गिअरची किरकिर एवढी की सरावाला आलेली एक सिस्टर म्हणाली, "हाताला लागायच्या आधी ऐकूच येतेय." मग सर्व्हो काढून खाटेखाली, फोमच्या डब्यात. त्याला २ मिलीची सिरिंज, आणि तिथून दंडापर्यंत सलाइनच्या सेटची पाण्याने भरलेली नळी. आता आवाज नाही. फक्त नळीत हवेचा एकही बुडबुडा नको. बुडबुडा असला की तोच दबतो आणि ठोका दंडापर्यंत पोचत नाही. भरताना नळी टिचक्या मारत उभी धरायची, सिस्टर लोक रोज करतात तसंच.

मॉनिटर म्हणजे जुना टॅब. ईएसपी३२ स्वतःचंच वायफाय सोडतो, त्यामुळे हॉस्पिटलच्या नेटवर्कला हात लावावा लागत नाही. आकडे मी मोबाइलवरून बदलतो. पण सांगण्यासारखी गोष्ट आहे ती बीपची. खऱ्या मॉनिटरवर ऑक्सिजन सॅच्युरेशन उतरलं की बीपचा सूर खाली येतो. तो सूर घातल्यावर पहिल्याच सरावात फरक दिसला. एक सिस्टर मॉनिटरकडे पाठ करून, हृदय चालू करायचं औषध अ‍ॅड्रिनालिन भरत होती: १ मिग्रॅचं अ‍ॅम्प्यूल, ९ मिली सलाइन घालून १० मिली, त्यातून ५ किलोच्या बाळाला ०.५ मिली. मी ९४ वरून ८२ वर आणलं. सुई अ‍ॅम्प्यूलमध्येच होती, तिने मानही वळवली नाही, म्हणाली, "सॅच्युरेशन पडतंय, बॅगिंग बघा." (बॅगिंग म्हणजे हाताने पिशवी दाबून श्वास देणं.) मला यापेक्षा मोठी शाबासकी नको.

सॅच्युरेशनच्या आकड्याला मुद्दाम काही सेकंदांचा उशीरही घातलाय. बाळाला लावतात तो खरा प्रोब सरासरी काढत चालतो, त्यामुळे बॅगिंग सुधारलं तरी आकडा लगेच चढत नाही, आणि त्या मधल्या वेळात घाबरून काहीतरी भलतं करायची सवय मोडणं हाच अर्धा सराव आहे.

सलाइन बोलस (एकदम ढकलून द्यायचं सलाइन) देण्याच्या नळीचं दुसरं टोक खाटेखालच्या पिशवीत सोडलंय, पिशवी लोड सेलला (वजन मोजणाऱ्या काट्याला) टांगलेली. पाण्याचा १ ग्रॅम म्हणजे १ मिली, त्यामुळे थ्री-वे (तीन तोंडांचा कॉक) आणि २० मिलीच्या सिरिंजने ढकललेले ५० मिली मला मोबाइलवर दिसतात. अ‍ॅड्रिनालिनच्या ०.५ मिलीसाठी हा काटा उपयोगाचा नाही, नळी हलली तरी तेवढा फरक पडतो. सरावाच्या प्रत्येक अ‍ॅम्प्यूलवर आणि सिरिंजवर लाल पट्टी असते आणि शेवटी वहिनी ती मोजून परत घेतात. वॉर्डच्या ट्रेमध्ये यातलं एकही जाता कामा नये.

जाता जाता: सीपीआरची पहिली गाजलेली बाहुली १९६० साली आली ती नॉर्वेच्या आसमुंड लेर्डाल यांच्याकडून, आणि ते मुळात खेळणी बनवणारे. घरात "बाहुल्या खेळतोस" म्हणून चिडवणाऱ्यांना मी हे ऐकवतो.

आता फुफ्फुसं. बॅग दाबली की छाती वर यायला हवी, ५ किलोच्या बाळाला एका श्वासात साधारण ३० ते ४० मिली. बीपीच्या लहान कफमधली रबरी थैली लावून पाहिली, ती फारच ताठ आहे. पातळ, हवा न सोडणारी, तळहाताएवढी थैली कुठे मिळेल, कुणाला माहीत असेल तर सांगा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि लोहार चाळीत विचारून झालंय.