बाथच्या खिडक्या आणि पारोळ्याचा वाडा

इंग्लंडमधल्या बाथ शहरात मी भाड्याने राहते ते घर दोनशे वर्षांहून जुनं आहे. घरमालकाला रस्त्याकडच्या खिडक्या काढून प्लास्टिकच्या चौकटीच्या, दुहेरी काचेच्या बसवायच्या होत्या. घर त्याचं, पैसा त्याचा. तरी इथल्या कौन्सिलने, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेने, नाही म्हटलं.

हे मी खान्देशात पारोळ्याला नानांना फोनवर सांगितलं, तर ते उखडलेच. "आपलं घर शे, आपली मर्जी. सरकारले काय करनं शे?" नानांचा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच सगळं नीट लिहावंसं वाटलं.

इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींची एक राष्ट्रीय यादी आहे. 'हिस्टॉरिक इंग्लंड' ही सरकारी संस्था इमारत पाहून शिफारस करते आणि निर्णय सांस्कृतिक खात्याचा मंत्री घेतो. यादीत सुमारे ४ लाख नोंदी आहेत. इंग्लंड आकाराने महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान, हे लक्षात घ्या. यातल्या ९० टक्क्यांहून जास्त नोंदी सर्वांत खालच्या 'ग्रेड टू' दर्जाच्या आहेत: साधी राहती घरं, दुकानं, पूल, गोठे, अगदी लाल टेलिफोन बूथसुद्धा.

ही यादी युद्धातून आली. एप्रिल १९४२ मध्ये जर्मन विमानांनी बाथवर बॉम्ब टाकले, चारशेहून जास्त माणसं गेली. त्या काळात देशभर वास्तुतज्ज्ञ गावोगावी फिरून लिहून ठेवत होते की पडझड झाली तरी कोणती इमारत पाडायची नाही, सावरायची. त्यातूनच पुढे १९४७ च्या नगररचना कायद्यात यादीला पक्की जागा मिळाली. तरीही साठ-सत्तरच्या दशकांत बाथमधल्या साध्या घरांच्या ओळीच्या ओळी पाडल्या गेल्या. 'रॉयल क्रेसेंट' ही अर्धचंद्राकार भव्य घरांची ओळ तेवढी जपली, कामगारांची घरं गेली. त्यावर लोक खवळले आणि तेव्हापासून इथे साध्या घरांकडेही बारकाईने पाहिलं जातं.

यादीतल्या घरात असा बदल करायचा तर कौन्सिलची परवानगी लागते, आणि आमचं घर यादीत आहे. आमच्या खिडक्यांचं असं झालं. घरमालकाने अर्ज केला. त्याला फी नसते आणि निकाल साधारण आठ आठवड्यांत अपेक्षित असतो. बाहेर खांबावर नोटीस लागली, शेजाऱ्यांनी आपली मतं कळवली. मग कौन्सिलची संवर्धन अधिकारी घरी आली. तिने चौकटीवरून हात फिरवला, नखाने रंग खरवडून खालचं लाकूड पाहिलं, आणि आम्हाला खिडकीसमोर तिरकं उभं केलं. जुन्या काचेतून समोरचं झाड किंचित लहरत होतं. ती काच हाताने केलेली, आता तशी सहज मिळत नाही. तिने नकार दिला, पण तेवढ्यावर थांबली नाही. जुनी खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूने दुसरी काच बसवायची वाट तिने दाखवली. तसं केलं आणि खोली उबदार झाली. परवानगी न घेता बदल केला असता तर १९९० च्या कायद्याने तो फौजदारी गुन्हा ठरला असता.

भिंतीचंही तसंच. बाथचा पिवळसर चुनखडीचा दगड मऊ असतो. कोणीतरी पूर्वी सांधे सिमेंटने भरले होते, त्यामुळे ओल आत अडकली आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागले. गवंड्याने छिन्नीने सगळं सिमेंट काढलं आणि चुना भरला. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडते. हे वाचून आपल्याकडच्या पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आठवा. त्यांवर आपण हौसेने सिमेंटचा गिलावा चढवतो आणि दोन पावसाळ्यांत तो पोपडे धरतो.

इथे सगळं गोड नाही. ग्रेड टू घराच्या मालकाला दुरुस्तीसाठी सरकारी पैसा क्वचितच मिळतो, आणि लाकूड-चुन्याचं काम महाग पडतं. मोठ्या, सार्वजनिक वास्तूंना मात्र १९९४ पासून राष्ट्रीय लॉटरीच्या पैशातून भरीव मदत मिळते.

पैशाची कायमची सोय लावणं आपल्याला नवं नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याची त्यात नोंद आहे. शेवटच्या जुन्या मराठी ओळींत बाजारातल्या मालावर मठासाठी काय घ्यायचं ते लिहिलंय. आठशे वर्षांपूर्वी खान्देशातल्या राज्यकर्त्यांनी विद्येच्या जागेला बाजाराचं उत्पन्न जोडून दिलं होतं!

आज पाटण्याचं महादेव मंदिर, बलसाण्याची मंदिरं, तापी-पूर्णेच्या संगमावरचं योगी चांगदेवाचं (वरचा नातू वेगळा) मंदिर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. १९५८ चा कायदा त्यांच्या पाठीशी आहे. २०१० च्या दुरुस्तीने अशा स्मारकापासून १०० मीटरांत नवं बांधकाम बंद झालं, पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. म्हणूनच आपल्याकडे 'संरक्षित' म्हटलं की शेजारच्यांच्या पोटात गोळा येतो. छप्पर गळतंय तरी कागद फिरत राहतात. बाथमध्ये घरी येऊन चौकट तपासणारी अधिकारी आहे. माझ्या मते खरा फरक कायद्यापेक्षा या माणसाचा आहे.

आणि वाडे? कोरीव खांब, धाब्याचं छत, रुंद ओटा असलेले वाडे पारोळा, अमळनेर, एरंडोल, शहाद्यात अजून उभे आहेत. त्यांतले बहुतेक ना केंद्राच्या यादीत, ना राज्याच्या. मुंबईला १९९५ पासून वारसा नियमावली आहे. आपल्याला वाट नाही असं मात्र नाही. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार शहराच्या विकास आराखड्यात ऐतिहासिक आणि वास्तुशिल्पाच्या दृष्टीने मोलाच्या वास्तू जपण्याची तरतूद करता येते. प्रारूप आराखडा जाहीर झाला की हरकती आणि सूचना मागवतात. आपण तेव्हा फक्त रस्तारुंदीत आपलं घर जातं का एवढंच बघतो.

नानांना मी एवढंच म्हटलं, "नाना, पुढचा आराखडा येईल तेव्हा आपल्या वाड्याचे फोटो, जुना सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा आणि आजोबांनी सांगितलेलं बांधणीचं साल, एवढं जोडून नगरपालिकेत एक लेखी सूचना द्या. पोच घ्यायला विसरू नका." ते काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, फोटो काढायला पुतण्याला रविवारी बोलावतो, आणि शेजारच्या वाणी आळीतल्या दोन घरांनाही विचारतो.