रक्ताचे पैसे

"क्लब बुडायला लागला की एखादा बडा प्रायोजकच लागतो." आज कट्ट्यावर ऐकलेलं हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

बर्लिनचा युनियन हा फुटबॉल क्लब आठवला. २००४ साली लीगमध्ये खेळायचं लायसन्स टिकवायला जवळपास १४.६ लाख युरो उभे करायचे होते. जर्मनीत रक्तदात्याला थोडा मोबदला मिळतो. समर्थकांनी रक्त दिलं आणि तो मोबदला क्लबला. रक्कम तशी किरकोळच, पण गाजावाजा सगळीकडे झाला!

पुढे मैदानाच्या पायऱ्या ढासळल्या. २००८-०९ मध्ये दोन हजारांवर लोक सुमारे १,४०,००० तास फुकट राबले, काँक्रीट ओतलं.

आपल्याकडे क्लबची किती थकबाकी आहे, हे तरी समर्थकांना वेळेत कळतं का?